‘अंगावर काढलं’ असं म्हणू नका

कर्करोगाबद्दलचं कुठलंही जाहीर व्याख्यान ऐका किंवा महिला दिनाच्या सुमारास निघणारी आरोग्य पुरवणी उघडा, एक वाक्य त्यात हमखास सापडतं: ‘आपल्या बायका दुखणं अंगावर काढतात.’ मग लक्षणांची यादी येते. भूक मंदावणं, वजन उतरणं, बेंबीच्या वर दुखणं, काळी शौच, रक्ताची उलटी. शेवटी सल्ला येतो, की भगिनींनो, स्वतःकडे लक्ष द्या, वेळीच डॉक्टर गाठा. जठराच्या कर्करोगाबाबत ही मांडणी इतकी अंगवळणी पडली आहे, की निदान उशिरा झालेल्या बाईला भेटायला आलेली माणसं तिच्या उशाशी बसून विचारतात, ‘अगं, इतके दिवस काय करत होतीस?’

हा प्रश्न क्रूर आहे, आणि अनेकदा तो चुकीच्या माणसाला विचारलेला असतो. बायका दुखणं अंगावर काढतात हे मी नाकारत नाही. घरातल्या सगळ्यांचं उरकल्यावर स्वतःकडे पाहायचं, ही सवय पिढ्यान्‌पिढ्या लावलेली आहे. पण जठराच्या कर्करोगात होणारा उशीर एवढ्या एका कारणाने उलगडत नाही. या बाईने सांगितलेलं असतं. जेवण जात नाही, असं ती सासूला सांगते. दोन घासांत पोट भरतं, असं नवऱ्याला सांगते. छातीखाली जळजळतं म्हणून औषधाच्या दुकानात जाते, थकवा येतो म्हणून गल्लीतल्या डॉक्टरांकडे जाते. प्रत्येकाकडे तिच्यासाठी उत्तर तयार असतं. उपास फार करतेस. चहा कमी कर. जागरणं होताहेत. तुझी प्रकृतीच पित्ताची. पाळी जायचं वय आहे, होणारच. टेन्शन घेऊ नकोस. तिचं म्हणणं ऐकलं जातं, त्याला एक नाव दिलं जातं आणि तिथेच ते मिटतं. तपासलं मात्र जात नाही. म्हणून ‘लक्षणं ओळखा’ हा उपदेश ज्यांना करायला हवा, ते पहिल्यांदा तिच्या आजूबाजूचे लोक आहेत आणि त्यांच्याही आधी तिचे डॉक्टर आहेत, असं माझं म्हणणं आहे.

हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. इंग्लंडमध्ये २०१० साली कर्करुग्णांच्या अनुभवांचं राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. मोठ्या रुग्णालयात पाठवलं जाण्याआधी फॅमिली डॉक्टरांकडे किती खेपा घालाव्या लागल्या, हा त्यातला एक प्रश्न होता. ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त २०१२ साली त्याचं विश्लेषण आलं. तीन किंवा त्याहून जास्त खेपा घालाव्या लागण्याची शक्यता तरुण रुग्णांत, वांशिक अल्पसंख्याकांत आणि स्त्रियांत जास्त दिसली. जिथे फॅमिली डॉक्टरला पैसे द्यावे लागत नाहीत, जिथे बाईला दवाखान्यात जायला कुणाची सोबत लागत नाही, तिथली ही गोष्ट. तिथल्या बाईने अंगावर काढलं नव्हतं. ती गेली होती, पुन्हा गेली होती, तिसऱ्यांदाही गेली होती.

आता त्या यादीकडे येते. ‘सुरुवातीची लक्षणं’ या मथळ्याखाली जे छापलं जातं, त्यातलं बरंचसं सुरुवातीचं नसतंच. रोग जठराच्या आतल्या अस्तरापुरता असतो, तेव्हा बाईला एक तर काहीच जाणवत नाही, किंवा जे जाणवतं ते रोजच्या अपचनासारखंच असतं. घास अडकणं, रक्ताची उलटी होणं, अंगातलं मांस झडणं, पोटात पाणी होणं, ही बहुतेक वेळा रोग पुढे सरकल्याची चिन्हं असतात. वैद्यकाच्या पुस्तकांतल्या नावाजलेल्या खुणाही तशाच. डाव्या गळपट्टीच्या हाडावरची टणक गाठ रुडॉल्फ फिर्खो यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी तिचं वर्णन १८४८ साली केलं. बेंबीतली गाठ सिस्टर मेरी जोसेफ यांच्या नावाने ओळखली जाते. अमेरिकेत मिनेसोटातल्या रॉचेस्टर गावी त्या डॉ. विल्यम मेयो यांच्या शस्त्रक्रियांत मदतनीस असत. रुग्णाचं पोट शस्त्रक्रियेसाठी स्वच्छ करताना बेंबीशी गाठ हाताला लागली, तर आत रोग पसरलेला निघतो, हे या नर्सबाईंच्या ध्यानात आलं. हॅमिल्टन बेली यांनी १९४९ साली त्या गाठीला त्यांचं नाव दिलं. हाताने कळणाऱ्या खुणा किती उशिराच्या असतात, याचा याहून चांगला पुरावा दुसरा नाही. बाईने आरशात पाहून, पोट चाचपून हा रोग वेळेवर ओळखावा, ही अपेक्षाच अवाजवी आहे.

ज्या देशांना हे कळलं, त्यांनी लक्षणांची वाट पाहणंच सोडलं. जपानमध्ये १९६० च्या दशकात बेरियम पाजून क्ष-किरण तपासणी करणाऱ्या गाड्या गावोगाव फिरू लागल्या. १९६२ साली तिथल्या डॉक्टरांनी ‘सुरुवातीचा जठर-कर्करोग’ म्हणजे काय, याची व्याख्या बांधली: रोग जठराच्या भिंतीच्या वरच्या दोन थरांपलीकडे गेलेला नसावा. त्या टप्प्यावर सापडलेल्या रुग्णांपैकी तिथे शंभरातले नव्वदाहून जास्त पाच वर्षांनंतर जिवंत असतात, आणि कित्येकांचा रोग तर पोट न उघडता दुर्बिणीतूनच काढून टाकता येतो. दक्षिण कोरियात चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला, स्त्री असो वा पुरुष, दर दोन वर्षांनी जठराची तपासणी सरकारी कार्यक्रमातून मिळते. तिथल्या बाईला लक्षणं पाठ करावी लागत नाहीत. तिला बोलावणं येतं.

आपल्याकडे तसं बोलावणं येत नाही. तिशीनंतरच्या लोकांसाठी सरकारने जी सार्वत्रिक तपासणी २०१६ पासून आखली, तिच्यात तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग आहे. जठर नाही. त्यावर माझी तक्रार नाही. मिझोराममधल्या ऐझॉलसारखा एखादा जिल्हा सोडला, तर आपल्या देशात या रोगाचं प्रमाण जपान-कोरियाच्या मानाने बरंच कमी आहे आणि सरसकट सगळ्यांच्या पोटात नळी घालण्याइतकं मनुष्यबळही नाही. पण मग एक गोष्ट सरळ मान्य करावी लागते. सार्वत्रिक तपासणी नसलेल्या देशात बाईच्या तक्रारीशिवाय आपल्या हाती दुसरं काही नाही. तीच तक्रार ‘पित्त’ म्हणून परत पाठवली, तर मागे काहीच उरत नाही.

‘स्त्रियांमधली खास लक्षणं’ असाही एक प्रकार हल्ली फार चालतो. त्यालाही माझा विरोध आहे. बाईचं जठर आणि पुरुषाचं जठर यांच्या तक्रारी वेगळ्या नसतात. वेगळं असतं ते या तक्रारी कुठे हरवतात ते.

सर्वांत जास्त हरवतात त्या रक्तक्षयात. जठरात व्रण झाला, तो साधा असो वा कर्करोगाचा, की त्यातून रक्त झिरपतं. इतकं थोडं, की शौचाचा रंगही बदलत नाही. महिनोन्‌महिने असं झिरपत राहिलं, की अंगातलं लोह संपतं आणि हिमोग्लोबिन उतरतं. पुरुषाचं हिमोग्लोबिन नऊवर आलं, तर बहुतेक डॉक्टर दचकतात आणि रक्त कुठून जातंय ते शोधतात. बाईचं नऊवर आलं, तर लोहाच्या गोळ्या लिहून देतात. कारण उघड आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. महाराष्ट्रातही हा आकडा पन्नास टक्क्यांच्या वर होता. निम्म्याहून जास्त बायकांना जे असतं, ते लक्षण वाटेनासं होतं. पाळीत रक्त जातं, बाळंतपणं झालेली असतात, ताटात शेवटी उरेल ते वाढून घेतलेलं असतं. ही कारणं खोटी नाहीत. त्या ५७ टक्क्यांतल्या बहुसंख्य बायकांचा रक्तक्षय याच कारणांचा असतो. पण पन्नाशी उलटलेल्या, पाळी थांबून तीन-चार वर्षं झालेल्या बाईचं रक्त कुठे जातं? तिला पाळीचं कारण लागू होत नाही. तरीही तिला तीच गोळी मिळते.

अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली याबद्दल नि:संदिग्ध मार्गदर्शन केलं: पाळी गेलेल्या स्त्रीत आणि पुरुषात लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय आढळला, तर वरून आणि खालून, दोन्ही बाजूंनी दुर्बिणीची तपासणी करावी. पाळी चालू असलेल्या स्त्रीबाबत त्यांची शिफारस थोडी सैल आहे, पण तिथेही नुसत्या गोळ्या देऊन थांबा असं ती म्हणत नाही. आपल्याकडे ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रम २०१८ पासून चालू आहे. त्याचं मी स्वागत करते, गोळी गावागावांत पोचायलाच हवी. पण गोळी देणाऱ्याने हिमोग्लोबिन पुन्हा तपासलं नाही, तीन महिने गोळ्या खाऊनही ते चढलं नाही याची दखल कुणी घेतली नाही, तर ती गोळी रोगाला आडोसा देते. एक गोष्ट तर मुद्दाम सांगते, कारण यादी छापणारे ती क्वचितच सांगतात. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळी होते. म्हणजे यादीतलं ‘काळी शौच’ हे लक्षण गोळ्या घेणाऱ्या लाखो बायकांना निरुपयोगी ठरतं. डांबरासारखी चिकट, चकचकीत, उग्र वासाची काळी शौच वेगळी आणि गोळ्यांनी आलेला हिरवट काळेपणा वेगळा, हे त्यांना समजावून सांगितलं तरच ते वाक्य छापण्यात अर्थ आहे.

रक्तक्षयाच्याच वाटेवर आणखी एक आजार बसलेला असतो. शरीराची प्रतिकारशक्ती जठराच्या अस्तरावरच उलटते आणि ते अस्तर झिजत जातं. हा आजार स्त्रियांत जास्त आढळतो. त्यात आधी लोह आणि पुढे बी-१२ जीवनसत्त्व शोषलं जात नाही, आणि अशा जठरात कर्करोगाचा धोका वाढतो. आपल्याकडे बी-१२ कमी निघालं, की ‘शाकाहारी आहात ना’ एवढं विचारून इंजेक्शनांचा कोर्स सुरू होतो. शाकाहार हे कारण असतंच. पण मासे-मटण खाणाऱ्या बाईचंही बी-१२ पुन्हा पुन्हा उतरत असेल, तर तिच्या जठरात डोकावून पाहायला नको का?

पित्ताच्या गोळ्यांबद्दल मला सर्वांत जास्त राग आहे. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल ही औषधं वाईट नाहीत. त्यांनी असंख्य लोकांना आराम दिला आहे. ती चिठ्ठीशिवाय देऊ नयेत असा नियम आहे आणि तरीही कुठल्याही दुकानात ती पट्टीने मिळतात. नवऱ्याच्या, सासऱ्यांच्या चिठ्ठीवरची गोळी घरातली बाई घेते आणि तिला बरं वाटतं. इथेच घात होतो. बरं वाटलं म्हणजे पित्तच होतं, असा निष्कर्ष सगळे काढतात, आणि तो चुकीचा आहे. जपानी डॉक्टरांनी १९७१ सालीच दाखवलं होतं, की सुरुवातीच्या कर्करोगातला व्रण मधूनच भरून येतो आणि पुन्हा उघडतो. आम्ल कमी करणाऱ्या या गोळ्यांनी असा व्रण वरवर भरून येऊ शकतो. जळजळ थांबते आणि खालचा रोग तसाच राहतो. दुर्बिणीच्या तपासणीआधी या गोळ्या चालू असतील, तर तपासणाऱ्यालाही चकवा बसू शकतो. एक कोर्स संपला की पुन्हा त्रास, पुन्हा कोर्स, पुन्हा त्रास, असं वर्षभर चाललेल्या बाईच्या हातात आणखी एक पट्टी ठेवणारा कुणीही तिच्यावर उपकार करत नाही.

तिखट आणि टेन्शन यांना दोष देण्याची खोड जुनी आहे. जठरातल्या व्रणाबद्दल डॉक्टर कित्येक दशकं तेच सांगत होते. ऑस्ट्रेलियात पर्थला बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना जठरात एक जिवाणू सापडला. लोकांना पटेना, तेव्हा मार्शल यांनी १९८४ साली त्या जिवाणूचं द्रावण स्वतः प्यायलं आणि स्वतःच्या जठराला सूज आणून दाखवली. तो जिवाणू म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याची गणना कर्करोगाच्या निश्चित कारणांत केली, आणि २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. भारतात अर्ध्याहून जास्त प्रौढांच्या पोटात हा जिवाणू आहे. त्यातल्या बहुतेकांना कर्करोग कधीच होत नाही, हे खरं. पण ज्यांच्या सख्ख्या आईला, वडिलांना, भावंडांना जठराचा कर्करोग झाला आहे, त्यांनी तो तपासून घ्यावा आणि असेल तर औषधांनी नाहीसा करावा. ही तपासणी करण्याआधी दोन आठवडे पित्ताच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर असलेला जिवाणूही नाही असा अहवाल येऊ शकतो. हे किती जणींना सांगितलं जातं?

‘सोनोग्राफी केली, काही निघालं नाही.’ हे वाक्य मी किती घरांत ऐकलं आहे! पोटात दुखतं म्हटलं, की आपल्याकडे पहिली चिठ्ठी सोनोग्राफीची असते. पित्ताशयातले खडे, यकृत, मूत्रपिंड, गर्भाशय यांसाठी ती तपासणी उत्तम. जठरात हवा असते आणि हवेतून ध्वनिलहरी नीट जात नाहीत. त्यामुळे जठराच्या आतलं अस्तर सोनोग्राफीत दिसत नाही. म्हणजे ज्या अवयवाबद्दल शंका आहे, तो न पाहताच त्याला निर्दोष ठरवलं जातं, आणि तो ‘नॉर्मल’ लिहिलेला कागद बाईच्या पुढच्या प्रत्येक तक्रारीवर तोंड बंद करायला वापरला जातो. जठर पाहायचं तर तोंडातून दुर्बिणीची नळी घालूनच पाहावं लागतं. घशात बधिर करणारा फवारा मारतात, नळी आत जाते, दहा-पंधरा मिनिटांत काम होतं. ओकारी येते, बरं वाटत नाही, पण त्याच दिवशी बाई घरी येते.

आणि एक जागा अशी आहे, जिथे बाईचं बाईपणच निदानाच्या आड येतं. जर्मन डॉक्टर फ्रीड्रिख क्रुकेनबर्ग यांनी १८९६ साली अंडाशयातल्या एका विशिष्ट गाठीचं वर्णन केलं. त्यांना ती अंडाशयाचीच वाटली होती. पुढे कळलं, की ती दुसरीकडून आलेली असते, आणि सर्वाधिक वेळा जठरातून. अनेकदा जठरातला मूळ रोग इतका लहान असतो, की पोटाची तक्रार नावालाच असते आणि पहिल्यांदा सापडते ती ओव्हरीची गाठ. चाळिशीतली बाई पोट फुगतं, पाळी अनियमित झाली म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाते, दोन्ही बाजूंना घट्ट गाठी दिसतात, शस्त्रक्रिया ठरते. जठरात डोकावण्याचा विचार त्याआधी व्हायला हवा. तरुण बायकांत जठराच्या कर्करोगाचा जो प्रकार तुलनेने जास्त दिसतो, तोही फसवा आहे. १९६५ साली लॉरेन या संशोधकांनी त्याला ‘पसरणारा’ असं नाव दिलं. यात उठून दिसणारी गाठ नसते. पेशी भिंतीत विखरून शिरतात, जठर कडक होतं, फुगत नाही, म्हणून दोन घासांत पोट भरतं. आतून पाहिलं तर अस्तर जवळजवळ चांगलं दिसू शकतं आणि वरवरचा तुकडा तपासला तर तो निर्दोष येऊ शकतो. अशा वेळी तक्रार चालूच राहिली, तर पुन्हा तपासण्याची तयारी हवी. काही घराण्यांत हा प्रकार वंशपरंपरेने येतो. १९९८ साली न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबाच्या मदतीने त्यामागचं जनुक सापडलं. त्या घराण्यांतल्या स्त्रियांना स्तनाच्या एका प्रकारच्या कर्करोगाचाही धोका असतो. म्हणून घराण्याचा इतिहास विचारताना फक्त ‘पोटाचा कॅन्सर कुणाला झाला होता का’ एवढ्यावर थांबू नये.

दिवस गेलेल्या बाईचंही असंच. गरोदरपणात हा रोग फार दुर्मीळ आहे, आणि होतो तेव्हा कळायला उशीर होतो, कारण मळमळ आणि उलट्या कुणाला खटकत नाहीत. त्या साधारण पाचव्या महिन्यापर्यंत कमी व्हायला हव्यात. त्यानंतर वाढत असतील, तर ‘कुणाकुणाला शेवटपर्यंत होतात’ हे उत्तर पुरेसं मानू नये.

घराच्या आत काय घडतं, तेही बोललं पाहिजे. लवकर पोट भरणं हे लक्षण ताटावर दिसतं. नवऱ्याने अर्धी भाकरी टाकली, की घरभर चौकशी होते. जी सगळ्यांना वाढून मागाहून स्वयंपाकघरात एकटी जेवते, तिने अर्धी भाकरी खाल्ली की चतकोर, हे पाहायला कुणी नसतं. वजन उतरलं तर कौतुक होतं, ‘बारीक झालीस, छान दिसतेस.’ बांगड्या कोपरापर्यंत सरकतात, ब्लाउज सैल होतात आणि त्याला उपासांचं श्रेय दिलं जातं. चतुर्थी, एकादशी, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार एवढे उपास धरणाऱ्या बाईची भूक मेली, तर घराला ती श्रद्धा वाटते. तिने ओळखावं असं म्हणणाऱ्यांनी आधी तिच्याबरोबर जेवायला बसावं.

माझ्या या म्हणण्यावर काही आक्षेप येतील आणि ते क्षुल्लक नाहीत. पहिला, की हा मुळात पुरुषांचा रोग. जगभरात २०२२ साली जठराच्या कर्करोगाच्या सुमारे ९ लाख ६८ हजार नव्या रुग्णांची नोंद झाली आणि त्यातले जवळजवळ दोन तृतीयांश पुरुष होते. पण उरलेला तिसरा हिस्सा म्हणजे सुमारे ३ लाख ४० हजार बायका. भारतात दोघांचे मिळून दरवर्षी साठ हजारांच्या आसपास रुग्ण सापडतात आणि पन्नास हजारांहून जास्त माणसं मरतात. हे दोन आकडे इतके जवळ असणं हाच उशिराचा पुरावा आहे. ‘पुरुषांचा रोग’ हा शिक्काही बाईच्या निदानात आड येणारी आणखी एक भिंत ठरतो. मिझोराममध्ये तर तंबाखूचा धूर पाण्यात मुरवून केलेलं ‘तुईबुर’ बायकाही घेतात, आणि तिथल्या एका अभ्यासात त्याचा या रोगाशी संबंध दिसला आहे.

दुसरा आक्षेप डॉक्टरांचा. पोटात जळजळणाऱ्या प्रत्येक बाईला नळी घालायची ठरवली, तर रांगा लागतील आणि शेकडो तपासण्यांतून एखादाच कर्करोग सापडेल. हे अगदी खरं आहे. अपचनाच्या बहुतेक रुग्णांत काहीही गंभीर निघत नाही. धोक्याची म्हणून जी चिन्हं सांगितली जातात, ती असणाऱ्यांतही कर्करोग थोड्यांनाच असतो. म्हणूनच मी सरसकट तपासणी मागत नाही. मी रेघ मागते आहे. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१५ साली फॅमिली डॉक्टरांसाठी रेघा आखून दिल्या. घास अडकत असेल तर कुठल्याही वयात, आणि ५५ च्या पुढे वजन उतरण्याबरोबर पोटाच्या वरच्या भागात दुखणं, जळजळ किंवा अपचन असेल तर दोन आठवड्यांत दुर्बिणीची तपासणी. ५५ च्या पुढे उपचारांना न जुमानणारं अपचन, किंवा पोटाच्या वरच्या भागातलं दुखणं आणि कमी हिमोग्लोबिन एकत्र आलं, तरीही तपासणी. आपल्या देशात वयाची रेघ अलीकडे घ्यावी लागेल. ती कुठे आखायची ते इथल्या तज्ज्ञांनी इथल्या रुग्णांवरून ठरवावं. पण रेघ असली, की निर्णय डॉक्टरच्या त्या दिवसाच्या मनःस्थितीवर किंवा बाईच्या हुज्जत घालण्याच्या ताकदीवर अवलंबून राहत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही दुर्बिणीची तपासणी होत नाही. तिथल्या डॉक्टरांना किमान हे ठाऊक हवं, की कोणत्या बाईला कोणत्या रुग्णालयात, किती दिवसांत पाठवायचं.

तिसरा आक्षेप मला सर्वांत विचारात पाडणारा वाटतो: जनजागृतीवर टीका करून तुम्ही बायकांना आणखी अंधारात ठेवता आहात. नाही. जनजागृतीने फरक पडतो याचं उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जात, लोकांशी बोलत, लक्षणं समजावून सांगत आणि शंका असलेल्यांना तपासणीला आणत. काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण पूर्वीपेक्षा आधीच्या अवस्थेत येऊ लागल्या. १९९५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिथे माहिती देणाऱ्याने रुग्णालयाची वाटही उघडली होती. बाई बोलली तर पुढे कुठे जायचं, हे ठरलेलं होतं. आमच्या पुरवण्या पहिलं अर्धं काम करतात आणि दुसऱ्या अर्ध्याचा दोष बाईच्या माथी मारतात. माझं भांडण या अर्धवटपणाशी आहे.

तेव्हा फॅमिली डॉक्टरांना माझी विनंती आहे. चाळिशी-पन्नाशीतली बाई पोटाच्या वरच्या भागाची नवी तक्रार घेऊन आली, तर गोळी लिहिण्याआधी वजन करा आणि ते कागदावर लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या खेपेला तुलना करता येईल. हिमोग्लोबिन पाहा. पाळी कधी थांबली ते विचारा. घरात पोटाचा, स्तनाचा कर्करोग कुणाला होता का ते विचारा. गोळ्या दिल्या, तर किती दिवसांनी परत यायचं ते सांगा आणि त्रास तसाच असेल किंवा थांबून परत आला असेल, तर तीच गोळी पुन्हा लिहू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांनी दोन्ही अंडाशयांतल्या घट्ट गाठींवर सुरी ठेवण्याआधी जठर पाहून घ्यावं. औषधविक्रेत्यांनी तिसऱ्यांदा तीच पट्टी मागायला आलेल्या बाईला, मोफत देता येण्यासारखा एकच सल्ला द्यावा: डॉक्टरांना दाखवा.

आणि वाचकहो, तुमच्या घरातली बाई जेवण जात नाही म्हणाली, तर ‘पित्त झालं असेल’ हे उत्तर तोंडाशी येईल, ते थांबवा. कधीपासून जात नाही, ते विचारा. उत्तर दिवसांऐवजी आठवड्यांत आणि महिन्यांत आलं, तर तिला एकटीला पाठवू नका, बरोबर जा. डॉक्टरांना विचारा, की दुर्बिणीची तपासणी करायला हवी का. ते ‘नको’ म्हणाले, तर का नको, ते समजून घेतल्याशिवाय उठू नका.